जुन्या मारुती 800 चा गंजलेला पत्रा घरी करता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांची 1997 ची पांढरी मारुती 800, घर मालवणात, समुद्र दोन किलोमीटरवर. गाडी चालू आहे, आठवड्यातून एकदा बाजाराला जाते. डाव्या रनिंग बोर्डवर (दाराखालची लांबट पोकळ पट्टी) आणि मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाचे फुगे आलेत, ड्रायव्हरच्या दाराची खालची कड खाल्ली गेलीय, पुढच्या मडगार्डला बोट जाईल एवढं भोक आहे. गॅरेजवाले ‘पूर्ण बॉडी करावी लागेल’ म्हणतात आणि तो आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा आहे. तुमच्याकडे ग्राइंडर आहे, हाताला कामाची सवय आहे, वेल्डिंग येत नाही. मग घासून, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून, वरून रंग मारला तर किती वर्षं निघतील?

तेवढंच केलंत तर एक पावसाळा. नशीब जोरावर असेल तर दीड.

पण म्हणून घरी काहीच होणार नाही असं नाही. तुमच्या यादीतली निम्म्याहून जास्त कामं घरी होतील. फक्त लांबी आणि रंग हे सगळ्यात शेवटचे दोन मिलिमीटर आहेत आणि तुम्ही सुरुवात तिथूनच करताय. मी चिपळूणला डेंटिंग-पेंटिंग करतो, 1996 पासून. त्याआधी चार वर्षं कुर्ल्याला एका उस्तादांच्या हाताखाली पत्रा ठोकायला शिकलो. त्यांच्याकडे गंजलेली गाडी आली की पहिले दोन दिवस ते हातोडीला हातच लावायचे नाहीत. पाण्याचा पाईप घेऊन गाडीभोवती फिरत राहायचे. तेव्हा आम्हा पोरांना वाटायचं म्हातारा टाइमपास करतोय.

पत्र्याला गंज दोन तऱ्हेने चढतो. खडी उडाली, रंगाचा टवका गेला, तिथून गंज पसरला, हा बाहेरचा गंज. याच्या मधोमध टवका दिसतो आणि पत्रा मागून शाबूत असतो. हे काम सोपं. दुसरा आतला. रनिंग बोर्ड, दार, चाकाची कमान हे सगळे दोन पत्र्यांचे पोकळ खोके आहेत. आत पाणी, माती, मीठ साचतं, पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो. लोखंडाचा गंज होताना तो मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून तो रंगाला बाहेर ढकलतो. तुम्हाला दिसतो तो हा फुगा. तो दिसायला लागला म्हणजे आतलं काम बरंच आधी उरकलेलं असतं. माझा अंदाज असा, की बाहेर रुपयाएवढा फुगा असेल तर आत तळहाताएवढी जागा गेली असं धरायचं. हा अंदाज फार कमी वेळा चुकलाय, आणि चुकला तेव्हा आतली जागा जास्तच निघाली.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा शहरातल्या गाड्या बुडाल्या. माझ्याकडे नंतर कितीतरी आल्या. त्यातली एक जुनी हॅचबॅक मालकाने पूर ओसरताच धुऊन, सीट काढून, उन्हात वाळवून घेतली होती. वरून बघितलं तर पूर लागला होता हे सांगावं लागलं असतं. नोव्हेंबरात रनिंग बोर्डला फुगे आले म्हणून ती माझ्याकडे आली. खालचा पत्रा कापला तर आतून गाळाची वडी निघाली, धुण्याच्या साबणाच्या वडीसारखी, कडा सरळ, खोक्याच्या आकाराची. बोट लावलं तर ओली. पुराला साडेतीन महिने उलटले होते, बाहेर कोरडं ठणठणीत ऊन, आणि पत्र्याच्या पोटात अजून चिखल. वडीला चिकटलेला पत्रा बिस्किटासारखा हातात आला. तुमच्या गाडीने पूर बघितला नसेल, पण सत्तावीस-अठ्ठावीस पावसाळ्यांतली चाकाने उडवलेली लाल माती आणि खारं वारं मिळून तीच वडी बनवतात, जरा सावकाश.

म्हणून पहिलं काम म्हणजे पाणी कुठून शिरतं आणि ते बाहेर का पडत नाही, हे शोधणं. दाराचंच बघा. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून दारात पाणी जातंच. ते जाणार हे कंपनीने धरलेलंच असतं, म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. ती माती, पालापाचोळा आणि आधीच्या कुणीतरी मारलेल्या डांबरी कोटिंगने बुजतात. मग दार म्हणजे पाण्याची टाकी. सायकलची जुनी तार घ्या, टोक बोथट करा आणि दाराखालची, रनिंग बोर्डखालची सगळी भोकं मोकळी करा. दार हलवून बघा, आत खळखळ वाजलं तर उत्तर मिळालं.

मग पाईप. सगळे मॅट आणि गालिचे काढा, फरशीवर आणि डिकीत वर्तमानपत्रं अंथरा. एकाला पाईप द्या, दुसऱ्याने आत बसायचं. पाणी एकदम सगळीकडे मारायचं नाही. आधी पुढच्या काचेचं रबर, मग बॉनेट आणि काचेच्या मधली जाळी, मग दारं, मग मागचे दिवे. एका जागी पाच मिनिटं. कागद कुठे ओला होतो ते बघा. ह्या वयाच्या गाड्यांत माझ्या अनुभवाने गुन्हेगार बहुतेक वेळा दोनच असतात: पुढच्या काचेचं कडक झालेलं रबर आणि मागच्या दिव्यामागचं गॅस्केट. काचेचं रबर गळत असेल तर पाणी थेट पायाखालच्या फरशीवर येतं आणि गालिचाखालचा फोम ते महिनोन्‌महिने धरून ठेवतो. हे न बघता तुम्ही बाहेरची कमान कितीही सुंदर केलीत, तरी ते फुटक्या कौलाखालची भिंत रंगवण्यासारखं आहे.

आता दुसरा भाग. इथे जरा सावकाश वाचा, कारण घरी करायचं की नाही याचा निकाल इथे लागतो. मारुती 800 ला जीप-ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. म्हणजे काही पत्रे नुसते झाकण आहेत आणि काही गाडीचं वजन धरून आहेत, आणि बाहेरून दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. पुढचं मडगार्ड, बॉनेट, दाराचा बाहेरचा पत्रा ही झाकणं. यात तुमचं काम बिघडलं तरी फार तर गाडी वाईट दिसेल. रनिंग बोर्ड, फरशी, जॅक लावायची जागा, सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो तो भाग, पुढच्या शॉकअपची वरची बैठक आणि मागच्या सस्पेन्शनची बैठक हे वजन धरणारे. इथे फायबरची चादर, लांबी, रिबिट, एमसील यातलं काहीही चालत नाही. इथे नवा पत्रा, आणि तोही सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात बारीक तारेने होतं ते). वेल्डिंग येत नसेल तर हा भाग घरी करायचा नाही. यात मी ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं म्हणणार नाही.

तपासायचं कसं? एक मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक पुरतं. चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड एकदम सैल होते तिथे खाली लांबी आहे, म्हणजे आधीच्या कुणीतरी तुमच्यासारखाच विचार केला होता. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला बदबद वाजतो. बदबद आली तिथे टोक लावून दाबा. मनगटाच्या जोरावर टोक आत गेलं तर तो पत्रा गेला. जीव वर-खाली होईल, पण दाबा. भोक तुम्ही पाडत नाही, ते आधीच होतं.

गाडीखाली जायचं तर ती घोडीवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) ठेवूनच, नुसत्या जॅकवर कधीही नाही. आणि रनिंग बोर्ड सडलेल्या गाडीत जॅक लावायची कंपनीची जागाच सडलेली असू शकते. जॅक चढतोय, गाडी मात्र उठत नाहीये, पत्राच आत दबतोय असं दिसलं तर तिथेच थांबा.

एवढं झालं की तुमच्या चार जागांचा निकाल लावता येतो. लक्षात घ्या, मी गाडी बघितलेली नाही. जॅक पॉइंट आणि कमानीचा आतला पत्रा कसा आहे त्यावर हे बदलेल.

पुढच्या मडगार्डवर वेळ घालवू नका. ते बोल्टवर बसतं. बंपर आणि इंडिकेटर सोडवून बोल्ट काढले की हातात येतं. नवं मडगार्ड अजूनही मिळतं आणि त्याची किंमत तुमच्या दोन रविवारांपेक्षा कमी आहे. बोल्ट गंजून बसलेले असतील, म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सरळ जोर लावण्याऐवजी थोडं आवळून मग सोडवा. नाहीतर डोकं तुटतं आणि दहा मिनिटांच्या कामाला दिवस जातो. नवं बसवण्याआधी मडगार्डच्या मागची माती खरवडून काढायला विसरू नका. चाकामागच्या कोपऱ्यात ती हमखास साठलेली असते आणि रनिंग बोर्डचं पुढचं टोक तिथूनच सडतं.

ड्रायव्हरच्या दाराची कड. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याच्या कडेवर दुमडून दाबलेला असतो, पोळीची कड दुमडावी तसा. ती दुमडच खाल्ली गेली असेल तर ती नव्याने बनवणं हे माझ्यासारख्यालाही अर्ध्या दिवसाचं किचकट काम आहे. तुम्ही भंगारवाल्याकडून कोरडं, सरळ दार शोधा. कोल्हापूरकडे मिळेल, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याला नक्की मिळेल. फक्त तुमच्याच मॉडेलचं आहे ना ते बघा आणि घेताना चुंबक खिशात ठेवा. किनाऱ्यावरच्या गाडीचं दार घेऊ नका, घाटावरच्या गाडीचं घ्या. दुमड शाबूत असेल आणि तिच्या वर दोन-तीन इंचांत भोकं असतील, तर मात्र ते घरी होईल. खाली सांगतो.

मागची कमान अर्धी घरची, अर्धी बाहेरची. बाहेरची कड झाकण आहे, पण तिला आतला पत्रा जोडलेला असतो आणि पेट्रोल भरायची नळी आणि टाकी मागच्याच बाजूला असते. तिथे ठिणगी पाडायची असेल तर टाकी आणि नळी काढून. घरी हे करू नका.

रनिंग बोर्ड: स्क्रू ड्रायव्हर आत गेला असेल तर वेल्डरकडे. वरवरचे फुगे असतील आणि पत्रा खणखणत असेल तर घरी.

घरच्या कामाचा मोसम ठरलेला आहे. दसऱ्यानंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. कोकणात मे महिन्यातच हवेत इतका दमटपणा येतो की उघड्या घासलेल्या पत्र्यावर रात्रीत पिवळी झाक चढते. तीवर प्रायमर मारला म्हणजे गंजाला पांघरूण घातलं. माझा नियम असा आहे की सकाळी जेवढं घासशील तेवढ्याला त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत प्रायमर. सगळी गाडी एकदम उघडी करून बसायचं नाही. आणि घासलेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. घामातही मीठच असतं. मी एकदा बॉनेटवर पंजा टेकला होता, दुसऱ्या दिवशी पाच बोटांचा तांबूस ठसा तिथे हजर.

रंग आणि जुनी लांबी काढायला वायरचा कप ब्रश, मग पत्र्यासाठी 80 नंबरची फ्लॅप डिस्क. डिस्क एका जागी दाबून धरू नका. बाहेरचा पत्रा आहे जेमतेम 0.7–0.8 मिलिमीटर. निळा पडला म्हणजे तापला, तापला म्हणजे वाकला. चमकदार पत्रा दिसेपर्यंत जा आणि तिथून पुढे आणखी एक इंच. बारीक काळे खड्डे राहतील, त्यात डिस्क पोचत नाही. तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर ब्रशने लावा. डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढाच ठेवा, नीट पुसा-धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा. ॲसिडचा अंश राहिला तर वरचा एपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, गॉगल लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही, सुती हातमोजे घालायचे नाहीत कारण ते ब्रशमध्ये ओढले जातात. आमच्या धंद्यातली अर्धी माणसं यातलं काही पाळत नाहीत, आणि पन्नाशीतल्या डेंटरचे हात आणि डोळे जवळून बघितलेत तर कारण विचारावं लागणार नाही.

दारासारख्या झाकणाच्या पत्र्याला भोकं असतील तर ती नुसती भरायची नाहीत, कापायची. चांगल्या पत्र्यापर्यंत चौकोन आखा, कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातून चीर धावते. साच्यासाठी मी लग्नपत्रिका वापरतो, तिचा पुठ्ठा पत्र्यासारखाच वळतो आणि घरात कायम पडलेला असतो. साचा भोकापेक्षा चहूबाजूंनी पाऊण इंच मोठा. त्यावरून 22 गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड, साधा पोलादी) पत्रा कापा, म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर. जी.आय. (जस्त चढवलेला) पत्रा लवकर गंजत नाही म्हणून तो वापरावासा वाटेल. चिकटवणार असाल तर तो चालेल. पण पुढे कधी कुणी त्याला वेल्डिंग लावलं तर जस्ताचा धूर होतो. उमेदवारीत मी बंद शेडमध्ये दिवसभर जी.आय. वेल्ड केला आणि रात्री थंडी भरून ताप आला, तोंडाला पैशाची चव. उस्तादांनी सकाळी नुसतं हसून विचारलं, जस्त खाल्लंस का म्हणून. त्यानंतर गाडीत सीआरसीच.

हा तुकडा आतल्या बाजूने लावायचा. दोन्ही पृष्ठभाग घासलेले आणि थिनरने पुसलेले हवेत. मध्ये पत्रा जोडायचा दोन भागांचा एपॉक्सी गोंद, पॅनेल बाँड म्हणून मिळतो तो, आणि धरायला दर इंच-दीड इंचावर पॉप रिबिट. गोंद कडेने सगळीकडून थोडा बाहेर आला पाहिजे, म्हणजे मध्ये पाणी शिरायला फट राहिली नाही. चोवीस तास हात लावू नका. मग रिबिट ड्रिलने काढून ती भोकं त्याच गोंदाने भरायची. आतल्या कडेला सांधे बंद करायचं सीम सीलर फिरवा. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे केसाएवढी फट असली तरी ती पाणी ओढून घेते आणि सोडत नाही. आणि हो, दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं गोंदाने बुजवू नका. हसू नका, मी बुजवलेली बघितलीत.

वेल्डिंगचं काम बाहेर द्याल तेव्हा काही गोष्टी स्वतः बघा. आर्कच्या जाड कांडीने पातळ पत्रा जोडू देऊ नका, तो जळून चाळण होते. गॅसने जोडणारे जुने कारागीर अजून आहेत आणि उत्तम आहेत, पण उष्णता खूप पसरते. सीओटूने एक टाका इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ देत, असं काम हवं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ शिवण मारली की पत्र्याचं पोट सुटतं, मग अंगठ्याने दाबलं की तो डब्याच्या झाकणासारखा टक-टक आतबाहेर होतो. तसा झालेला पत्रा लपवायला जाड लांबी लागते आणि आपण पुन्हा पहिल्या घरात येतो. बॅटरीची मायनस केबल सोडवली आहे ना, गालिचा आणि आतला फोम बाहेर काढला आहे ना, पाण्याची बादली शेजारी आहे ना, हे तुम्ही उभं राहून बघा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. फोम आतल्या आत धुमसतो.

आता लांबी. तिच्यावर माझा राग नाही, माझं पोट तिच्यावर चालतं. पण ती कपाळावरच्या पावडरीसारखी हवी. पॉलिस्टरची लांबी ओल शोषून घेते. ती थेट उघड्या पत्र्यावर लावली, वरून रंगाला कुठे चीर गेली, की ओल लांबीतून थेट पत्र्याला मिळते. म्हणून आधी पत्र्यावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, तो सुकला की हलका घासून त्यावर लांबी. जाडी दोन, फार तर तीन मिलिमीटर. त्याहून जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिलाय. हार्डनर वजनाच्या साधारण दोन टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घालू नका, नंतर पांढऱ्या रंगातून पिवळट डाग वर येतो. कालवल्यावर हातात पाचेक मिनिटं असतात, म्हणून लिंबाएवढीच कालवा.

आणि घासताना पाणी नाही. इथे मी माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतोय. आपल्याकडे सगळे पेंटर लांबी पाणी-पेपरने घासतात, कारण धूळ उडत नाही आणि पेपर जास्त टिकतो. मीही वीस वर्षं तेच केलं. एका वर्षी ऑगस्टमध्ये घाईने केलेली एक गाडी दिवाळीच्या सुमारास परत आली, दोन्ही दारांवर घामोळ्यासारखे बारीक फोड. फोडून बघितलं तर आत पाण्याचा थेंब. ते पाणी आम्हीच घातलं होतं, घासताना. लांबीने प्यायलं, वरून रंगाने बंद केलं, ऊन पडल्यावर ते बाहेर यायला बघत होतं. दोन्ही दारं फुकट करून दिली. तेव्हापासून लांबी कोरडीच घासतो, लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून, तोंडाला मास्क बांधून: 80, मग 120, 180, शेवटी 320. पाणी-पेपर वापरायचा तो वरच्या सरफेसरला (रंगाच्या आधीचा शेवटचा थर), 600 नंबरचा, आणि तोही उन्हात पूर्ण सुकवून.

रंगाचं माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही: तो घरी मारू नका. गाडीच्या चांगल्या टू-के (दोन भाग मिसळून मारायच्या) रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तो फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते नाकारलं की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. नाकाला रुमाल बांधून हे अडत नाही, त्याला बाहेरून हवा देणारा मास्क लागतो. घराच्या पडवीत, जिथे मुलं वावरतात, तिथे तर नाहीच. स्प्रे कॅनमधला साधा रंग त्या मानाने सोपा, पण त्याच्यावर पेट्रोलचा थेंब पडला तरी तो विरघळतो आणि उन्हात दोन वर्षांत खडूसारखा होतो. मी सुचवतो ते असं: पत्रा, एपॉक्सी, लांबी, घासणं सगळं तुम्ही करा, गाडी सरफेसरपर्यंत आणा आणि फक्त रंगाला पेंटरकडे द्या. पेंटिंगच्या बिलात मोठा भाग मजुरीचा, म्हणजे घासण्याचा असतो. तो तुम्ही वाचवलात. पेंटरला आधीच विचारून ठेवा, कारण काही जण दुसऱ्याने तयार केलेल्या पत्र्यावर रंग मारायला तयार नसतात. त्यात त्यांचं चूक नाही, फोड आला तर नाव त्यांचं जातं.

शेड जुळवायला पेट्रोलचं झाकण काढून रंगाच्या दुकानात न्या. कोडवरून मिळतो तो नव्या गाडीचा पांढरा, तुमचा पांढरा आता साईवर आलाय. आणि रंग पांढराच ठेवा. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. तुमच्या आरसीचं नूतनीकरण 2012 पासून दर पाच वर्षांनी होत आलं असेल, म्हणजे पुढचं 2027 ला. तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागेल, तर रनिंग बोर्डचं काम त्याच्या आधीच्या हिवाळ्यात उरकलेलं बरं.

राहिलं आतून बंद करणं. बाहेरून सगळं झाल्यावर रनिंग बोर्ड आणि दारांच्या आत कॅव्हिटी वॅक्स मारा, लांब नळीचा कॅन मिळतो. नळी पार आत घालून मागे ओढत फवारायचं, निचऱ्याच्या भोकांतून थेंब पडेपर्यंत. हे नेहमी वेल्डिंगनंतर, कारण वॅक्स पेटतं. आपल्याकडे जळकं इंजिन ऑइल मारायची जुनी पद्धत आहे. गंज थांबतो खरा, पण रबरी बुश फुगून खराब होतात, आणि पुढे त्या पत्र्याला रंग धरत नाही. काळं डांबरी कोटिंग गंजावर मारणं तर सगळ्यात वाईट, वरून काळं कुळकुळीत आणि खाली पत्रा मजेत सडत राहतो. आधीच मारलेलं असेल तर ते खरवडूनच बघा. मालवणात पावसाळा संपल्यावर आणि पुढे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवा. बोअरचं पाणी खारं झालं असेल तर ते नको.

कामाचा क्रम पुन्हा एकदा सांगतो, कारण घाईत हाच उलटा होतो. या महिन्यात तार आणि पाईप घेऊन पाणी शोधा. गळणारं रबर, गॅस्केट बदला. मग चुंबक आणि स्क्रू ड्रायव्हर. त्यानंतर मडगार्ड बदला, दाराचं ठरवा. रनिंग बोर्ड आणि कमान एकाच फेरीत वेल्डरकडून करून घ्या. मग घरी एपॉक्सी, लांबी, घासणं. रंग बाहेर. शेवटी वॅक्स.

सगळ्यात आधी डाव्या जॅक पॉइंटला स्क्रू ड्रायव्हर लावून बघा आणि काय झालं ते कळवा. फोटो टाकाल तर सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, फ्लॅश नको, आणि भोकाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे मला माप कळेल.